चार खोल्या, एक कर्ज आणि तापाची बातमी

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमचं घर मोरजीला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पुढे आम्ही राहतो, मागे सहा खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. ऑक्टोबर ते मार्च विदेशी पाहुणे असतात, बहुतेक रशियन, थोडे इंग्रज. २०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा ह्यांची टॅक्सी विकावी लागली, माझ्या पाटल्या गहाण पडल्या. त्या गेल्या वर्षी सुटल्या. मुलगा तारवटी होता, बोटीवर किचनमध्ये. आता बोट सोडून घरी आला आहे. वर स्लॅब घालून आणखी चार खोल्या बांधू म्हणतो. खर्च चाळीस लाख, सगळं कर्ज. एक एजंट दहाही खोल्या सहा महिन्यांसाठी एकरकमी घ्यायला तयार आहे. पण परवा मोबाइलवर कुठल्या तरी देशात नवा ताप आल्याची बातमी वाचली आणि माझी झोप उडाली. मुलगा म्हणतो, आई घाबरट आहे. मी घाबरट आहे का? आणि ताप आमच्या गावात नसला तरी खोल्या आमच्याच का रिकाम्या होतात?
— पेडणे तालुक्यातली एक वाचक

ताई,

तुम्ही घाबरट नाही. ज्या बाईच्या पाटल्या चार वर्षं दुसऱ्याच्या तिजोरीत पडल्या होत्या, तिने अशी बातमी वाचून दचकायचं नाही तर कोणी दचकायचं? तुमच्या मुलालाही मी वेडा म्हणणार नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये जे आकड्यांचं आणि अनुभवाचं मैदान पडलं आहे, तिथे जरा फिरून येऊ. मी तीस वर्षं सहलींच्या धंद्यात काढली आहेत, आधी तिकिटांच्या टेबलावर, मग गट घेऊन. ह्या काळात साथी येताना पाहिल्या आणि जातानाही पाहिल्या.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते, कारण सगळ्याची गाठ तिथे आहे. ताप गावात नसताना खोल्या रिकाम्या का होतात?

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गांबिया नावाचा चिमुकला देश आहे. नदीच्या दोन काठांवर पसरलेला, समोर अटलांटिकचा समुद्र. ह्या देशाची गोष्ट ऐकताना तुम्हाला मोरजीचीच वाटेल. नोव्हेंबर ते एप्रिल हंगाम, थंडीला कंटाळलेले इंग्रज आणि डच पाहुणे, युरोपातून थेट येणारी चार्टर विमानं (टूर कंपनीने आख्खी भाड्याने घेतलेली), किनाऱ्यालगत हॉटेलं आणि त्यांच्या मागे घरगुती खोल्या. पाहुण्यांना फळं कापून देणाऱ्या बायका, पक्षी दाखवायला नेणारी पोरं, टॅक्सीवाले, सगळ्यांचं वर्ष त्या सहा महिन्यांवर. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन ह्या तीन देशांत इबोला नावाचा जीवघेणा ताप पसरला. साथ संपेपर्यंत अकरा हजारांवर माणसं गेली. गांबियात एकही रुग्ण सापडला नाही. एकही नाही. तरी २०१४-१५ चा हंगाम कोसळला. लंडनमध्ये बसलेल्या माणसाने नकाशा उघडला, पश्चिम आफ्रिका ह्या शब्दावर बोट ठेवलं आणि त्या बोटाखाली गांबियाही झाकला गेला.

केनिया आणि टांझानियाचं तर ह्याहून नवल. सफारीची बुकिंगं तिथेही रद्द झाली. लायबेरियाच्या राजधानीपासून नैरोबी पाच हजार किलोमीटरहून लांब आहे आणि स्पेनचं माद्रिद चार हजारांच्या आत. म्हणजे साथीपासून दूर राहायचं म्हणून जो पाहुणा युरोपातच थांबला, तो केनियापेक्षा साथीच्या अधिक जवळ राहिला. पण भीती किलोमीटर मोजत नाही. ती खंडाच्या नावावर, देशाच्या नावावर चालते. उद्या भारताच्या एका टोकाला काही झालं आणि ‘भारतात नवा ताप’ अशी बातमी रशियात छापून आली, तर तिथल्या माणसाला ते गाव आणि मोरजी ह्यांतलं अंतर ठाऊक नसणार. तुमची खोली रिकामी होते ती तुमच्या गावामुळे नाही ताई, तुमच्या देशाच्या नावामुळे.

हे मी स्वतः पहिल्यांदा शिकले २००३ मध्ये. तेव्हा मी दादरच्या एका टूर कंपनीत होते. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी, शाळांना सुट्टी लागली की सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँगच्या सहली. फेब्रुवारीत चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातून आलेला एक डॉक्टर हाँगकाँगमध्ये कौलूनच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला होता. तो आजारी होता. त्याच्यामुळे त्या मजल्यावरच्या पाहुण्यांना लागण झाली आणि ते पाहुणे सार्स हा श्वसनाचा नवा आजार घेऊन सिंगापूर, हनोई, टोरांटोला पोचले. २ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने हाँगकाँग आणि ग्वांगदोंगचा प्रवास पुढे ढकला असं सांगितलं. आमचा बेचाळीस जणांचा गट होता. दोन दिवसांत फोनवर फोन. मी म्हणायचे, हाँगकाँग वगळू, नुसतं सिंगापूर-बँकॉक करू, सिंगापूरला जाऊ नका असं संघटनेने म्हटलेलं नाही. ते खरंच होतं, त्या संपूर्ण साथीत सिंगापूरसाठी तशी सूचना कधीच निघाली नाही. पण गट उरला तीन माणसांचा. मे महिन्यात सिंगापूरला येणारे पाहुणे आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी घटले. सरकारने दार बंद केलं नव्हतं, माणसांनीच पाय मागे घेतला होता.

आणि ऐका, त्या वर्षी भारतातला पहिला रुग्ण म्हणून जो जाहीर झाला तो गोव्यातच होता, बोटीवर काम करणारा इंजिनिअर. जागतिक आरोग्य संघटनेच्या शेवटच्या हिशेबात भारताचे रुग्ण फक्त तीन आणि मृत्यू शून्य. तुम्हाला तो एप्रिल आठवतही नसेल, कारण हंगाम संपत आला होता आणि पुढचा हंगाम नेहमीसारखा लागला.

इथे तुमच्या मुलाच्या बाजूने बोलायला हवं. नुसत्या भीतीने रिकामी झालेली खोली फार काळ रिकामी राहत नाही. ५ जुलै २००३ ला सार्स आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. सिंगापूरला २००२ मध्ये ७५ लाखांवर पाहुणे आले होते, २००३ मध्ये ते ६१ लाखांवर घसरले आणि २००४ मध्ये ८३ लाख झाले, म्हणजे आधीपेक्षा जास्त. दक्षिण कोरियात २०१५ च्या मे महिन्यात मर्स हा सार्सच्याच जातीचा आजार आला. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. जूनमध्ये विदेशी पाहुणे ४० टक्क्यांहून जास्त घटले, जुलैत निम्म्याहून जास्त. ऑक्टोबरपर्यंत गाडी रुळावर आली आणि २०१६ मध्ये १ कोटी ७२ लाख पाहुणे आले, तोवरचा त्यांचा विक्रम. आपल्याकडे १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा काही लाख माणसं शहर सोडून पळाली आणि कितीतरी देशांनी भारताची विमानं थांबवली. तरी १९९५ मध्ये भारतात २१ लाखांवर विदेशी पाहुणे आले, १९९४ पेक्षा दोन लाखांहून जास्त. माणूस घाबरतो तसा विसरतोही, आणि सुट्टीची ओढ जबर असते. सहल रद्द झाली तरी तिच्यासाठी बाजूला काढलेले पैसे पुष्कळदा तसेच राहतात, ते पुढच्या वर्षी बाहेर पडतात.

मग २०२० ला असं का झालं नाही? ह्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला आहे, आणि तुम्हाला कर्जाचं ठरवायचं तर उत्तर नीट समजून घ्यायला हवं.

२०२० मध्ये पाहुणे नुसते घाबरले नव्हते. त्यांच्यासमोर दार लावून घेतलं गेलं होतं. १३ मार्चला पर्यटकांचे व्हिसा स्थगित झाले. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. पर्यटक व्हिसा पुन्हा सुरू झाले २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात तुमच्या खोलीवर जीव असलेला, न घाबरणारा, पैसे हातात घेऊन बसलेला पाहुणासुद्धा मोरजीला पोचू शकत नव्हता. २०१९ मध्ये भारतात १ कोटी ९ लाख विदेशी पाहुणे आले होते, २०२० मध्ये २७ लाख, २०२१ मध्ये जेमतेम १५ लाख. लक्षात घ्या, दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा वाईट गेलं. सार्समध्ये दुसऱ्या वर्षी लोक धावत आले होते.

दार किती दिवस बंद राहणार हे रोगाच्या स्वभावावर ठरतं. सार्सचा रुग्ण आजारी दिसायला लागल्यावर, तेही बरेचदा अंथरुणाला खिळल्यावर, दुसऱ्याला लागण द्यायचा. म्हणून त्याला शोधून वेगळा ठेवता येत होता आणि चार-पाच महिन्यांत साखळी तुटली. इबोला अंगातून निघणाऱ्या द्रवांच्या संपर्कानेच लागतो, श्वासाने पसरत नाही. कोविड मात्र खोकला-ताप दिसायच्या आधीच माणसाकडून माणसाकडे जात होता. विमानतळावर कपाळाला यंत्र लावून तो सापडेना, म्हणून सरकारांनी सरसकट कडी घातली. तेव्हा पुन्हा कधी नव्या तापाची बातमी वाचाल तर किती मेले हा आकडा आधी बघू नका. श्वासाने पसरतो का, आणि लक्षणं नसलेला माणूस पसरवतो का, हे शोधा. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तुमचा फार तर अर्धा हंगाम बुडेल. दोन्हींचं हो असेल, तर त्याच दिवशी खर्चाला हात आखडता घ्या.

दाराला आणखी एक कडी असते, तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ती विम्याची. इंग्रज पाहुणा प्रवासविमा काढून येतो. त्याच्या सरकारने अमुक ठिकाणी जाऊ नका असं म्हटलं की बहुतेक विमे लागू होत नाहीत. मग टूर कंपनी सहल रद्द करते, पैसे परत करते, चार्टरचं विमान दुसऱ्या देशाकडे वळवते. पाहुण्याची इच्छा विचारायची वेळच येत नाही. आरोग्य संघटनेपेक्षा मी तरी त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचं प्रवाससूचनेचं पान आधी बघायचे. ते तुमचा मुलगाही बघू शकतो, रोज नाही, हंगामाच्या तोंडाशी आठवड्यातून एकदा.

आता त्या गोष्टीकडे येते जी मला एजंटाच्या प्रस्तावामुळे जास्त सलते आहे.

पाहुणे परत येतात, पण तेच येतात असं नाही. २००३ मध्ये हाँगकाँग ओस पडलं. त्या जुलैअखेरीस चीनने आपल्या काही शहरांतल्या लोकांना गटाशिवाय एकट्याने हाँगकाँगला जायची मुभा दिली. २००४ मध्ये तिथे २ कोटी १८ लाख पाहुणे आले, २००२ पेक्षा पन्नास लाखांनी जास्त, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त चीनच्या मुख्य भूमीवरचे. दुकानं तीच राहिली, गिऱ्हाईक बदललं. गोव्याचं बघा. २०१९ मध्ये साधारण ९ लाख ३७ हजार विदेशी पाहुणे आले होते. २०२४ मध्ये ४ लाख ६७ हजारांच्या आसपास, म्हणजे निम्मे. देशी पाहुणे मात्र ७१ लाखांवरून ९९ लाखांवर गेले. साथ ओसरल्यावर गोवा भरला, पण दुसऱ्याच माणसांनी भरला. सगळा दोष साथीचा नाही. २०१९ च्या सप्टेंबरात, कोविडच्या आधीच, ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली आणि तिची गोव्याला येणारी चार्टर विमानं बंद झाली. त्या एका कंपनीच्या बुडण्याने गांबियातही हाहाकार झाला होता. मग २०२१ च्या डिसेंबरात रशियन चार्टर सुरू झाली म्हणून तुम्ही खोल्यांना रंग दिला असेल, आणि दोन महिन्यांत युक्रेनचं युद्ध पेटलं. मार्चमध्ये रशियन पाहुण्यांची कार्डं चालेनाशी झाली. ते दिवस मोरजीत कसे गेले हे तुम्हीच मला सांगाल.

म्हणून म्हणते, दहाही खोल्या एका एजंटाच्या हाती देऊ नका. त्याने आगाऊ रक्कम दिली तरी नको. साथ आली, युद्ध झालं, कंपनी बुडाली, रुबल पडला, कारण काहीही असो, तुमच्यापर्यंत येणारी वाट एकच असेल तर ती बंद झाली की तुम्ही संपलात. शिवाय कराराचा कागद नीट वाचा. ‘अपरिहार्य परिस्थिती’ अशा काही शब्दांखाली साथ लिहिलेली असेल, तर विमान न आल्यास तो पैसे परत मागू शकतो. आणि ते पैसे तोवर तुमच्या स्लॅबमध्ये गेलेले असतील. फार तर चार खोल्या त्याला द्या. उरलेल्या तुमच्या हातात राहू द्यात.

आता हिशेब. चाळीस लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला साधारण ५३ हजारांचा हप्ता बसतो. मुलगा म्हणेल, दहा खोल्यांना ५३ हजार काय जड आहेत? पण तुमचा हंगाम सहा महिन्यांचा आहे. बारा हप्ते सहा महिन्यांत कमवायचे, म्हणजे हंगामाच्या प्रत्येक महिन्यात एक लाख सहा हजार आधी बँकेचे, मग विजेचं बिल, चादरी, रंगरंगोटी, कामाला येणाऱ्या बाईचा पगार, आणि सगळ्यात शेवटी तुमचं घर. आता हे २०२० वर ठेवून बघा. दोन वर्षं दार बंद राहिलं तर हप्त्यांचेच पावणेतेरा लाख होतात. तेवढे तुमच्याकडे बाजूला आहेत का? रिझर्व्ह बँकेने तेव्हा मार्च ते ऑगस्ट सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, पण व्याज चालूच होतं. आणि ऑगस्ट संपला तेव्हाही पर्यटक व्हिसा बंदच होते. सरकार मदत करेल ह्या भरवशावर कर्ज घेऊ नका.

माझं स्पष्ट मत असं: दोनच खोल्या बांधा. स्लॅब पूर्ण घाला, खांब चारांच्या हिशेबाने उभे करा, पण भिंती दोन खोल्यांच्याच. मुलाने बोटीवर काही साठवलं असेलच. त्याचे आठ लाख आणि बारा लाखांचं कर्ज असं जमलं तर हप्ता सोळा हजारांच्या आत येतो. दोन वर्षं दार बंद राहिलं तरी पावणेचार लाख लागतील, पावणेतेरा नाही. ते पावणेचार लाख वेगळ्या मुदत ठेवीत घाला, आणि ती ठेव पूर्ण होईपर्यंत तिसऱ्या खोलीचं नाव काढू नका. त्या ठेवीला हात लावायचा तो फक्त विमानं थांबली तरच. लग्नाला नाही, गाडीला नाही. आणि घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत येत असेल तर किनारी नियमांची परवानगी आधी घ्या. आपल्याकडे कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर नियम जास्तच कडक आहेत. बांधून झाल्यावर पाडायची नोटीस आली तर ती कुठल्याही साथीपेक्षा महाग पडेल.

त्या दोन खोल्या कोणासाठी बांधायच्या, हेही आत्ताच ठरवा. माझा आग्रह आहे, एकेका खोलीला लहानसं स्वयंपाकघर जोडा. २ जुलै २०२० ला गोव्याने देशी पाहुण्यांना दार उघडलं तेव्हा पहिले कोण आले ते आठवा. गाडी चालवत येणारी कुटुंबं, कोल्हापूर, बेळगाव, पुण्याची. त्यांच्यामागून लॅपटॉप घेऊन महिना-दोन महिने राहणारी पोरं. त्यांना व्हिसा लागत नाही, चार्टर लागत नाही, प्रवासविमा लागत नाही. साथीत सगळ्यात शेवटी बंद होणारा आणि सगळ्यात आधी उघडणारा रस्ता हा जवळचा रस्ता असतो. जगभर हेच दिसलं, लांबचे पाहुणे थांबले तेव्हा शेजारच्या गावचे आले. रशियन जोडप्याला दोन माणसांची खोली पुरते. आजी, नातवंडं आणि मिक्सर घेऊन येणाऱ्या कोल्हापूरच्या कुटुंबाला गॅसची शेगडी आणि कपडे वाळत घालायला गच्ची लागते. मोपाचा विमानतळ २०२३ पासून तुमच्याच तालुक्यात आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याहून विमानाने येणाराही तुम्हाला दाबोळीच्या जुन्या विमानतळापेक्षा जवळ पडतो. हे लोक हंगामाबाहेर, पावसातही येतात. दर कमी मिळेल हे मला माहीत आहे. पण जुलैतला पंधराशेचा पाहुणा न आलेल्या पाच हजारांच्या पाहुण्यापेक्षा मोठा.

विदेशी पाहुणे सोडून द्या असं मी अजिबात म्हणत नाही. ते सहा-सहा आठवडे राहतात, खोली जपतात, परत येतात. माझं म्हणणं इतकंच, त्यांच्या पैशातून घर वाढवा, पण हप्ता त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. कधीतरी ताप खरोखरच तुमच्या वाड्यावर येईल. नवा नको, आपला जुना डेंग्यूच. तेव्हा पाहुण्यांपासून लपवू नका. कोरियात मर्स आला तेव्हा कुठल्या इस्पितळांत रुग्ण आहेत हे सरकारने ७ जूनपर्यंत सांगितलं नाही. लागण बहुतेक इस्पितळांतच होत होती, रस्त्यावर नाही, पण नावं कळेनात म्हणून लोकांना सगळा देशच इस्पितळासारखा वाटायला लागला. तुमच्या पाहुण्याला सांगा, अमुक वाड्यावर डेंग्यूचे रुग्ण आहेत, आमच्या टाक्यांना झाकणं आहेत, मच्छरदाणी ही घ्या, ताप आला तर ह्या डॉक्टरांना फोन करा. खरं सांगितल्याने एखादा जाईल. लपवलेलं कळलं तर जो जाईल तो परत येणार नाही, आणि चार जणांना सांगेल.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, तुम्ही लिहिलंय की २०२० च्या मार्चमध्ये एक रशियन नवरा-बायको तुमच्याकडे अडकले होते. गावातल्या काहींनी त्यांना बाहेर काढा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही काढलं नाहीत. त्यांच्या देशाचं विमान येईपर्यंत पेज आणि लोणचं तुम्ही दारातून देत राहिलात. पैसे संपले तेव्हा भाडं मागितलं नाहीत. ते दोघं दर वर्षी अजून येतात, आणि त्यांच्या ओळखीचेही. हे तुम्ही कोपऱ्यात का लिहिलंत ताई? मला तर सगळ्या पत्रात तेच मोठं वाटलं. हाँगकाँगने, सिंगापूरने पाहुणे परत आणायला जाहिरातींवर किती खर्च केला असेल! तुमचे पाहुणे दोन चादरी आणि पेजेच्या वाडग्यावर परत आले. कुठल्याही एजंटाची वही त्यापुढे उभी राहणार नाही. त्या सगळ्यांचे नंबर, त्यांची मुलं किती, काय खातात, कुठल्या महिन्यात येतात, हे एका वहीत लिहून ठेवा. विदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म तर तुम्ही पोलिसांसाठी भरताच, ही वही स्वतःसाठी भरा. दार उघडलं की पहिला निरोप ह्या लोकांना जायला हवा, आणि तो तुमच्याकडून.

मुलाशी भांडू नका. तो बोटीवर होता म्हणता, तर २०२० त्याने तुमच्यापेक्षाही जवळून पाहिलं असेल. त्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस ही एकच बोट अडकली होती, ३,७०० वर माणसं, सातशेहून जास्त बाधित, आणि शंभरावर भारतीय कामगार. नंतर कितीतरी तारवटी महिनोन्‌महिने समुद्रावर राहिले, कुठलंच बंदर घेईना. जो पोरगा ते बघून आला त्याला घरी राहायचं आहे, आईच्या हाताखाली काही उभं करायचं आहे, ही घाई मी समजू शकते. त्याला कर्जाचा कागद दाखवायच्या आधी एकदा शांतपणे विचारा, तेव्हा तू कुठे होतास, किती दिवस होतास. बहुतेक त्याने तुम्हाला सगळं सांगितलेलं नसेल. ते ऐकलंत की चार खोल्यांचा हट्ट कुठून आला ते कळेल, आणि दोन खोल्यांवर यायला त्यालाही वाट मिळेल.

एजंटाला आज होकार देऊ नका, चवथीनंतर सांगतो म्हणावं. खरा असेल तर थांबेल. स्लॅब तर ह्या पावसात घालता येणारच नाही. तोवर दोघं मिळून मागच्या पाच वर्षांचा हिशेब मांडा, प्रत्येक महिन्याला किती खोल्या भरल्या आणि कोणी भरल्या. तो कागद मला पाठवलात तर कर्जाचा आकडा मी तुमच्याबरोबर पुन्हा बसून बघेन.